झाडं लावून देणारे पुष्कळ, पाच वर्षं राखून देणारे कसे निघाले? देवगडकडच्या जागेवरचा अनुभव

आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन. आणि हे साडेतीन या धंद्याच्या मानाने चांगले मार्क आहेत, कारण कोकणात झाडं लावून देणारे चौकाचौकात भेटतात पण लावल्यानंतर भर मे महिन्यात येऊन कुठलं जगलं कुठलं मेलं हे वाकून बघणारे फार कमी. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण लिहिणार आहे आणि मला कुणाशी वाद घालायला वेळ नाही. शहरातली एक छोटी संस्था आहे, एक सर आणि तीन-चार पोरं-पोरी, एवढं पुरे. कोकणात वडिलोपार्जित जमीन पडून आहे आणि तिथे आंबा-काजू न करता पूर्वीचं जंगल परत यावं असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, बाकीच्यांना कंटाळा येईल.

जागा देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला, आम्हा चुलत भावंडांची सामायिक. सगळे चाकरमानी, गणपतीला आणि मे महिन्यात तोंड दाखवणारे. वरच्या बाजूला कातळाचा सडा, मधे उतार ज्याच्यावर रानमोडी (सगळीकडे पसरणारं तण), थोडा म्हातारा काजू आणि कधीतरी सामाजिक वनीकरणाच्या काळात कुणीतरी लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशिया, आणि अगदी खाली खाडीला लागून खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची खारी जमीन, त्याचा बांध फुटून जमाना झाला. म्हणजे एकाच सातबाऱ्यावर तीन वेगवेगळे अधिवास. हे तीन वेगळे आहेत हे मला या लोकांनीच पहिल्या भेटीत सांगितलं, त्याआधी आलेल्या दोन पार्ट्यांनी एकरी किती रोपं बसतील याचं गणित करून कोटेशन हातात ठेवलं होतं.

पॅकेज असं की पहिलं वर्ष नुसतं बघायचं आणि मोजायचं, दुसऱ्या पावसाळ्यात लागवड आणि दुरुस्ती, आणि पुढे राखण, बेणणी (तण काढणं), नांग्या भरणं (मेलेल्या रोपाच्या जागी नवीन लावणं) आणि दर वर्षी ठरलेलं मोजमाप. पहिल्या वर्षी एक रोप लावायचं नाही म्हटल्यावर घरात जी बोंब झाली ती विचारू नका, पैसे कसले देतोय मग, गवत मोजायचे का वगैरे. हो, गवत मोजायचे. सुरुवातीला काय होतं ते लिहून ठेवलं नाही तर पाच वर्षांनी फरक पडला की नाही हे कशावरून सांगणार, आणि त्यात शेजारच्या तशाच उतारावरचा एक तुकडा हात न लावता नुसता मोजत राहायचा असं पण त्यांनी ठेवलं, म्हणजे चांगल्या पावसाचं श्रेय आपण आपल्या खिशात घालत नाही. हा भाग पूर्ण मार्क.

सड्याबद्दल आधी सांगते कारण तिथे सगळेच घोळ करतात. सडा उन्हाळ्यात बघितला तर काळा उघडा दगड, त्यामुळे पडीक समजून लोक तिथे ड्रिलने खड्डे मारतात, बाहेरून माती आणून टाकतात आणि काजू नाहीतर सुरूची झाडं लावतात. पावसात या. दीपकाडीची पांढरी फुलं, मग गेंद, सीतेची आसवं, पाण्याच्या डबक्यात काय काय. दीपकाडीची ती कोकणातल्या सड्यांवरची जात जगात दुसरीकडे कुठे नाही. सर म्हणाले इथे एकही झाड लावणार नाही, इथलं काम म्हणजे गाड्या वर जाऊ न देणं, चिरेखाण होऊ न देणं आणि पावसाळ्यात एक बाय एक मीटरच्या चौकटी टाकून दर वर्षी त्याच जागी काय उगवतंय ते लिहिणं. स्वतःचं बिल कमी करणारा सल्ला देणारा माणूस मी या क्षेत्रात पहिल्यांदा बघितला.

आता फोटो पॉइंट. ही गोष्ट इतकी साधी आणि स्वस्त आहे की कुठलीच संस्था न लावता पण तुम्ही करू शकता. उतारावर ठरलेल्या ठिकाणी एकेक जांभा चिरा उभा पुरलाय, वर पिवळ्या ऑइलपेंटने नंबर, आणि चिऱ्याच्या माथ्यावर छिन्नीने दोन खाचा मारल्यात. फोन आडवा करून त्या दोन खाचांमध्ये टेकवायचा, बटण दाबायचं. बस. कोणीही गेलं, उंच असो बुटका असो, फोटो त्याच उंचीवरून त्याच दिशेला येतो. मे अखेर, ऑक्टोबर आणि जानेवारी असे तीन फोटो दर वर्षी. पाच वर्षांचे एकाखाली एक लावून बघितले की आमच्या घरातल्या सगळ्यात खवचट काकांची पण बोलती बंद होते. फक्त पेंट दर पावसाळ्यानंतर परत मारावा लागतो, आणि एका चिऱ्यावर गुरांनी अंग घासून घासून तो तिरका केला तेव्हा एका हंगामाचे फोटो वाकड्या दिशेचे आले आणि ते रिपोर्टमध्ये तसेच छापले, कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता जिथे माझं यांच्याशी खरं वाजलं ते. जगण्याचं प्रमाण. लागवडीनंतर पहिला रिपोर्ट आला ऑक्टोबरात, रंगीत, पाय चार्ट वगैरे, जवळजवळ सगळी रोपं जिवंत. अहो ऑक्टोबरात कोकणात सगळंच जिवंत असतं! जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, काठी खोचली तरी तिला पालवी फुटते. लग्नाच्या मांडवात जाऊन संसार कसा चाललाय विचारण्यासारखं आहे ते. खरी परीक्षा त्यानंतरचे सात-आठ कोरडे महिने, जांभ्या जमिनीत पाणी ठरत नाही, मार्चपासून उतार तव्यासारखा तापतो. म्हणून मोजणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या वळवाच्या आधी झाली पाहिजे. यांच्या करारात 'वार्षिक मोजणी' एवढंच होतं, महिना लिहिलेला नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षापासून मी महिना लिहून घेतला आणि आकडा जो खाली आला तो आलाच, पण निदान खरा आला.

त्यात पण गंमत आहे. मेमध्ये मोजायला आलेला मुलगा नवीन, वाळलेलं दिसलं की मेलं असं लिहीत सुटला. आमच्या वाडीतल्या एक वहिनी रोपांना पाणी घालायला असतात, त्या त्याच्या मागून चालत होत्या. एका कुंभ्याच्या रोपाशी थांबल्या, बुंध्याशी नखाने साल जरा खरवडली, आत हिरवं. म्हणाल्या, "ह्या झाड मेलला नाय, पावसात पालवतला." आणि खरंच जुलैत त्याला बुडातून तीन फुटवे आले. तेव्हापासून फॉर्ममध्ये जिवंत आणि मृत याच्या मधे तिसरा रकाना आला, वरून वाळलेलं पण बुडाशी हिरवं, आणि अशांची खात्री ऑगस्टमध्ये परत करायची. सूचना ऐकून पुढच्याच वेळी फॉर्म बदलला याचं मला कौतुक वाटलं, आणि अनुभव असलेल्या लोकांना हे आधी का माहीत नव्हतं याचं आश्चर्य पण वाटलं.

ऐंशी टक्के जगण्याची गॅरंटी असं करारात लिहिलेलं असतं, सगळेच लिहितात, त्याला भुलू नका. मेलेलं रोप बदलून नवीन लावलं की ते परत 'जिवंत' मध्ये मोजलं जातं. म्हणजे लागवडीनंतर तिसऱ्या वर्षी ऐंशीच्या वर आकडा दाखवला त्यात किती रोपं खरोखर तीन उन्हाळे काढलेली आणि किती गेल्या जूनमध्ये नांगी भरलेली, हे रिपोर्टमध्ये वेगळं दिलेलं नव्हतं. मी विचारल्यावर दिलं. लागवडीच्या सालाप्रमाणे वेगवेगळी मोजणी मागा, हा एक प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक झोपलेलं नाही. आणि नांग्या भरताना कुठली जात भरतायत ते पण बघा. आमच्याकडे मेले ऐन, नाना, सुरंगी आणि भरला सगळा करंज, कारण करंज जगतो आणि नर्सरीत नेहमी मिळतो. करंजाशी माझं वैर नाही पण पाच वर्षांनी मला करंजाची बाग नको होती.

दुसरी गोष्ट म्हणजे रोपामागे रेट. जितकी रोपं तितकं बिल, मग साहजिकच जिथे लावायची गरज नाही तिथे पण खड्डे. आमच्या उतारावर तोडलेल्या ऐन-किंजळ-कुंभ्याची खोडं जमिनीत जिवंत होती, दर वर्षी फुटायची, दर वर्षी जळायची नाहीतर कोयत्याखाली जायची. त्यांना फक्त आग आणि गुरं यांच्यापासून सांभाळलं आणि एका बुंध्यावरचे दोनच सरळ फुटवे ठेवले तर लावलेल्या रोपाच्या कितीतरी पुढे जातात, कारण मुळं आधीपासून खोल गेलेली. आज उतारावर डोक्याच्या वर गेलेलं जे काही आहे त्यात असं आपणहून आलेलंच जास्त. तिसऱ्या वर्षी आम्ही करार रोपावरून एकरावर आणला, म्हणजे अमुक एकर अमुक स्थितीत ठेवायचे त्याचे पैसे. याला सर लगेच तयार झाले, अकाउंटवाल्या मॅडमना पटवायला वेळ लागला.

रानमोडीच्या बाबतीत मात्र एक मार्क सरळ कापते. ही बया पाऊस संपला की वाढून बसते आणि थंडीत पांढुरकी फुलते, मग बी म्हातारीसारखं वाऱ्यावर. म्हणजे काढायची ती ऑगस्ट-सप्टेंबरात माती मऊ असताना मुळासकट उपटून, आणि राहिलेली फुलायच्या आत. यांची मजुरांची टोळी आली डिसेंबरात, कारण तेव्हा दुसरीकडचं काम संपलं. फुललेली रानमोडी कोयत्याने बुडावर कापली, ढीग ओढत ओढत पायवाटेने खाली नेले, म्हणजे सगळ्या वाटेवर बियाणं पेरत गेले. पुढच्या पावसात जिथे कधी नव्हती तिथे रानमोडी. कॅलेंडर ऑफिसात बसून केलं की असं होतं. पुढच्या वर्षी आम्ही भातकापणीच्या आधीच वाडीतल्याच बायकांना मजुरी ठरवून काम दिलं, तेवढे पैसे संस्थेच्या बिलातून वजा केले, आणि काम चोख झालं. अकेशिया त्यांनी टप्प्याटप्प्याने काढली, एकदम साफ नाही, कारण एकदम ऊन पडलं की तिचंच बी रुजून येतं आणि लहान रोपांना सावली पण लागते, हे बरोबर केलं.

आता वणवा. करारातलं शेवटून दुसरं पान वाचा, कोणीही असो. आमच्या करारात वादळ, पूर, भूस्खलन आणि वणवा या 'नैसर्गिक आपत्ती', त्यात काही गेलं तर संस्था जबाबदार नाही. वादळाचं समजू शकते, २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तिथे कोण काय करणार. पण वणवा? फेब्रुवारी ते मे आमच्याकडे दर वर्षी कुठे ना कुठे आग लागते, कोणाची भाजावळ (शेत भाजणं) हाताबाहेर जाते, कोणी विडी टाकतं, कोणी नवीन गवत चांगलं येतं म्हणून मुद्दाम काडी लावतं. यात नैसर्गिक काय आणि आपत्ती काय, हा तर कॅलेंडरवरचा सण झाला. जी गोष्ट दर वर्षी होणार हे माहिती आहे तिचाच बंदोबस्त करायला तर देखभालीचे पैसे देतो. बराच वाद घातला, शेवटी मधला मार्ग निघाला: ठरलेल्या रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत साफ केलेला पट्टा, डिसेंबर अखेरपर्यंत साफ झाली असेल आणि तरी आग आत आली तर नुकसान निम्मं निम्मं, जाळरेषा झालीच नसेल तर पूर्ण त्यांचं. आणि जाळरेषेचा तारखेसकट फोटो पाठवायचा. हे कलम टाकल्यापासून जाळरेषा कधी चुकली नाही, काय योगायोग.

आच्छादनावरून पण थोडी रस्सीखेच झाली. रोपांच्या बुडाशी पातेरा म्हणजे वाळका पाला जाड घातला की ओल टिकते पण वाळवी येते आणि आग लागली तर तोच आधी पेटतो. शेवटी बुंध्यापासून वीतभर मोकळं सोडून मग पातेरा, आणि जाळरेषेजवळच्या दोन ओळींना अजिबात नाही.

गुरांचं काय केलं ते सांगितलं पाहिजे कारण बहुतेक प्रकल्प तिथेच मरतात. भातकापणी झाली की गुरं मोकळी, ही गावाची रीत आहे, तुम्ही मुंबईहून येऊन ती मोडू शकत नाही. संस्थेच्या प्लॅनमध्ये तारेचं कुंपण होतं, महाग आणि खाऱ्या हवेत गंजणारं. वाडीच्या बैठकीत एका आजोबांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "झाडां लावूक कोणय लावता, राखतलो कोण?" आणि मग त्यांनीच तोडगा दिला. रस्त्याकडून चिऱ्याचा जुना गडगा (दगडी कुंपण) पडला होता तो नीट करायचा, बाकी बाजूला वई म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण, आणि आतलं गवत वाडीने कापून न्यायचं, फुकट. गवत कापलं गेल्याने आगीला खाद्य कमी, गुरांना घरी चारा, आणि आमचं गवत म्हणून वाडीतलीच माणसं उनाड गुरं हाकलतात. हे ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिला संस्थेच्या लोकांना मीच ओढून नेलं. त्यांच्या प्लॅनमध्ये 'समुदाय सहभाग' या नावाचा एक परिच्छेद होता, त्यात वाडीतल्या कोणाशी काय बोलायचं याचा पत्ता नव्हता.

खाजणाचा भाग मात्र माझ्यासाठी सगळ्यात आनंदाचा. मला वाटलं होतं तिवर-कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं आणून चिखलात ओळीने लावतील, फोटोत दिसतात तशी. यांनी पहिल्यांदा बांबूवर आकडे रंगवून तो चिखलात रोवला आणि उधाणाला पाणी कुठवर चढतं, भांगाला (लहान भरतीला) कुठे थांबतं ते बरेच महिने लिहिलं. निदान असं की बांध फुटलाय खरा पण जुन्या उघाडीकडची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराकडची, चर गाळाने बुजलीय त्यामुळे आत आलेलं पाणी नीट बाहेर जात नाही, साचून राहतं, आणि साचलेल्या पाण्यात रोप लावलं तरी श्वसनमुळांना हवा न मिळून मरणार. कागदपत्रं करून चर हाताने मोकळी केली, यंत्र आत घातलं नाही. मग भरतीबरोबर बी आपोआप आलं. आज तिथे तिवराची गर्दी आहे, कडेला कांदळ, आणि पाण्याच्या तोंडाशी चिप्पी आलीय, तीच पांढरी चिप्पी जी २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष झाली. लावलेलं एकही नाही. देखभाल म्हणजे भरतीने आलेलं प्लास्टिक आणि तुटकी जाळी रोपांवरून काढणं, लहान रोपावर जाळ्याचा एक तुकडा अडकला तरी ओहोटीला ते झोपतं, आणि पावसानंतर चरीत परत गाळ बसला का ते बघणं. हे दुसरं काम यांनी चौथ्या वर्षी विसरलं, वहिनींनी फोन केला म्हणून कळलं.

ज्यांना खाजणात हे करायचंय त्यांनी घरच्यांशी आधी बोलून घ्या. कांदळवन एकदा आलं की आलं, ते तोडता येत नाही, मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे आणि भोवतालच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकामाचा विचार सोडून द्यायचा. आमचे एक काका अजून म्हणतात की जमीन खाडीला दान केलीत. एका अर्थी खरं आहे त्यांचं. मला ते चालतं, तुमच्या घरात चालेल का ते बघा.

प्रेझेंटेशनमध्ये एक चाक दाखवतात, सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशनच्या आंतरराष्ट्रीय मानकांतलं, २०१९ ची दुसरी आवृत्ती. धोके किती कमी झाले, माती-पाण्याची स्थिती, कुठल्या जाती, किती थर, परिसंस्थेचं काम चालतंय का, आजूबाजूशी जोडलेलं आहे का, अशा सहा गोष्टींना शून्य ते पाच. ऐकायला जड पण उपयोगी, कारण रोपं किती जगली यापलीकडे बघायला लावतं. फक्त पाच म्हणजे कशासारखं हे ठरलं पाहिजे, नाहीतर सगळे स्वतःला चार देतात. आमच्यासाठी तो नमुना म्हणजे गावाची देवराई, तिथे पण एक वर्ष तशीच मोजणी केली, मानकऱ्यांना विचारून, देवाला नारळ ठेवून. तिथल्या बेहड्याच्या बुंध्याशी उभं राहिलं की कळतं आपला उतार अजून कुठे आहे. पाचव्या वर्षी आम्ही धोक्यांमध्ये तीन आणि जातींमध्ये दोन. यांनी स्वतः दोन लिहिले, फुगवले नाहीत, त्याबद्दल अर्धा मार्क वाढवला आहे.

पैशांचं. रेट टाकत नाही कारण उतार, पाणी, रस्ता यावर बदलतो. पण वाटणी बघा. फीचा साठ टक्के भाग पहिल्या दोन वर्षांत आणि शेवटच्या तीन वर्षांना मिळून चाळीस, आणि मोजणीला त्यातला जेमतेम तुकडा, मग चौथ्या वर्षी माणसं यायची कमी होणारच. सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतले) पैसे मिळवून देतो असं पण कोणी सांगेल, तर नियम माहीत असू द्या, चालू प्रकल्पाला सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे रोपं कशीबशी गुडघ्याच्या वर येतात आणि पैसे बंद. कोकणातल्या उतारावर पाच वर्षं म्हणजे सुरुवात आहे, दहा-पंधरा वर्षांची हलकी मोजणी तरी चालू राहिली पाहिजे, तिचा खर्च फार नाही पण तो पहिल्याच दिवशी बाजूला काढायला हवा. आम्ही भावंडांनी आता त्यासाठी वेगळी ठेव केली आहे, तिच्या व्याजात वहिनींचं मानधन निघतं.

हो, वहिनींचं. त्यांच्याकडे एक शाळेची दोनशे पानी वही आहे. तारीख, कुठली आग कुठून आली, कुठल्या झाडाला पहिल्यांदा फूल, गवे उतरले का, धनेश दिसला का, चरीत पाणी कसं आहे. संस्थेकडून दर वर्षी नवीन मुलगा किंवा मुलगी येते, शिकलेली, गोड, पण रोपात असलेला ऐन आणि किंजळ ओळखताना त्यांची दांडी उडते आणि शिकून होईपर्यंत नोकरी बदलतात. वही मात्र एकाच हाताची. वेळासला कासवांची घरटी २००२ पासून राखली जातायत, सह्याद्री निसर्ग मित्रने सुरू केलेलं आणि गावाने उचललेलं काम, ते टिकलं याचं कारण मला तरी हेच दिसतं की दर हंगामात पहाटे किनारा चालणारी माणसं गावातलीच होती. आमच्या संस्थेने वहिनींना मजूर म्हणून नोंदवलं होतं. मी भांडून 'निरीक्षक' करून घेतलं, पगारासकट.

आणि ॲपचा एक किस्सा, जो मला अजून झोंबतो. सगळे फोटो, सगळ्या नोंदी त्यांच्या ॲपमध्ये. चौथ्या वर्षी त्यांनी ॲपवाली कंपनी बदलली आणि जुने फोटो लहान झालेले, तारीख-जागा उडालेली. मूळ फाइल मिळायला ईमेलवर ईमेल आणि शेवटी चढ्या आवाजातला एक फोन लागला. त्यामुळे करारात लिहून घ्या की मूळ फोटो, एक्सेलमधल्या कच्च्या नोंदी आणि जीपीएसचे बिंदू दर वर्षी जून अखेर तुमच्या हातात पेन ड्राइव्हवर. पीडीएफ रिपोर्ट हा डेटा नसतो.

करारातलं सगळ्यात चांगलं पान कुठलं विचाराल तर एक साधा तक्ता आहे, काय झालं की काय करायचं. मे मोजणीत एखाद्या पट्ट्यात निम्म्याहून कमी जिवंत असेल तर नांगी भरायच्या आधी कारण शोधायचं, जात बदलायची की जागा. रानमोडी चौकटीच्या पाव भागापेक्षा जास्त झाली तर महिन्याच्या आत काढायची. चरीतलं पाणी ओहोटीनंतर अमुक वेळात उतरलं नाही तर गाळ. असं लिहिलेलं असलं की मोजणीचा उपयोग होतो, नाहीतर आकडे गोळा होतात आणि कोणी काही करत नाही. असा तक्ता ज्याच्या प्रस्तावात नाही त्याला मी तरी काम देणार नाही, तो कितीही स्वस्त असू दे.

परत घेणार का? हो, पण अर्धंच. पुढच्या पाच वर्षांसाठी मेची मोजणी, सड्यावरच्या चौकटी आणि खाजणाचं पाणी एवढं संस्थेकडे, बाकी बेणणी, जाळरेषा, वई सगळं वाडीकडे. ज्यांना दोन वर्षांत हिरवंगार फोटो हवेत किंवा जागा पुढेमागे विकायची आहे त्यांनी या भानगडीत पडू नये. बोलवायचं असेल तर ऑक्टोबरात बोलवा म्हणजे पावसानंतरची आणि उन्हाळ्यातली अशा दोन्ही नोंदी लागवडीच्या आधी होतात, मे महिन्यात फोन करून जूनमध्ये लावून द्या म्हटलं तर हे नाही म्हणतात आणि दुसरे कोणीतरी हो म्हणतात.

एक राहिलं, रोपांना नंबरची पट्टी बांधतात ती प्लास्टिकची आणि तारेने बांधलेली असेल तर नको म्हणा. प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत चुरा होतं आणि तार वाढत्या खोडात रुतते, आमची काही चांगली वाढलेली झाडं तारेवर गळा आवळून मोडली. ॲल्युमिनियमची पट्टी घ्या आणि खोडाला न बांधता शेजारी काठीला लावा.